शनिवारचा शिवणवर्ग

"हे कुनी शिवलं?"

आनसाबाईंनी झबलं माझ्या टेबलावर टाकलं, तेव्हा वर्गातल्या अकराही पोरींच्या सुया जागच्या जागी थांबल्या. पांढऱ्या मलमलीचं, वीतभर, खांद्यावर बांधायचे बंद असलेलं झबलं. गळ्याची पट्टी जरा वाकडी गेली होती. त्या वाकड्या पट्टीवरूनच मी ते ओळखलं. तिसऱ्या रांगेतल्या वैजंताचं होतं ते. आनसाबाईंची सून. ती खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"वैजंतानं," मी म्हणाले. "आणि पहिल्या खेपेच्या मानानं चांगलं जमलंय. गळा सोडला तर."

माझं हे असंच होतं. समोरचं माणूस पेटलेलं असलं, की माझ्या तोंडून नेमकं नको तेच बाहेर पडायचं.

"गळ्याचं इचारलं न्हाय म्या. प्वार अजून पोटात हाय. सातवा चाललाय. आन त्याच्या नावानं कापडं शिवून मोकळ्या झालासा? पेटीत लुगड्याच्या घडीत लपवून ठिवलं हुतं हिनं. कुनी सांगितलं शिवाय?"

"मी सांगितलं."

"जन्माच्या आदी लेकराला काय शिवू नये, ठाव न्हाय तुमाला? तुमच्यात करत्यात असं?"

आमच्यातही करत नाहीत. मिरजेला माझ्या वहिनीच्या वेळी आईनं आजोबांच्या जुन्या धोतराचे तुकडे तेवढे धुऊन ठेवले होते, नवा धागासुद्धा घरात येऊ दिला नव्हता. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. पण शिवण शिकवणाऱ्या बाईला झबलं म्हणजे बाळ दिसत नाही. तिला दिसतं ते नवशिक्या हाताला जमेल असं सगळ्यात सोपं काम. दोन खांदे, दोन कडा, एक गळा. बाह्या नाहीत, चुण्या नाहीत, आणि बिघडलंच तर वीतभर मलमल वाया. मी सगळ्यांना झबली शिवायला लावली, आणि वर्गातल्या सात जणी पोटुशा आहेत हा विचार माझ्या कातरीच्या पुढे गेलाच नाही.

ही शहाण्णव सालची गोष्ट. माण तालुक्यातल्या कासारटेकच्या हायस्कुलात मी शिवण आणि चित्रकला शिकवायचे. सव्वीस वर्षांची होते, नोकरीला दोन वर्षं झाली होती आणि सगळ्या गावाला सुधारायचा मक्ता आपल्यालाच मिळालाय अशा थाटात वावरत होते.

त्या गावात दर मे महिन्यात नववी-दहावीच्या मुलींचा पट गळायचा. लग्नं लागायची. वय पत्रिकेत अठरा आणि शाळेच्या दाखल्यावर पंधरा. आमचे हेडमास्तर घार्गे सर लग्न थांबवायला मांडवापर्यंत जाऊन दोनदा शिव्या खाऊन आले होते. तिसऱ्या वर्षी त्यांनी वेगळंच केलं. लग्न झालेल्या मुलींची नावं पटावरून काढायचीच नाहीत असं ठरवलं. "लग्न झालं की नाव कमी करा, असं कुठल्या नियमात लिहिलंय ते मला दाखवा," असं ते कारकुनाला म्हणायचे, आणि कारकून पट मिटून ठेवायचा. पुढं शाळेच्या मैदानापलीकडच्या उपकेंद्रातल्या मुलाणी सिस्टर एक दिवस त्यांच्यापुढे येऊन रडल्या. महिन्याभरात त्यांच्या हातून दोन पोरी गेल्या होत्या. दोघी सोळाच्या, दोघी आमच्याच शाळेच्या. सासवा सुनांना उपकेंद्रात पाठवतच नव्हत्या.

सरांनी शाळेत दर शनिवारी दुपारी वर्ग ठेवला. दारावर पाटी लावली, 'माता आरोग्य वर्ग'. एकही पोर आली नाही. पुढच्या महिन्यात सरांनी तीच पाटी पुसून 'शिवणवर्ग' असं लिहिलं आणि चौदा जणी आल्या. शिवण शिकलेली सून कुणाला नको असते? मग पोरींच्या हातात सुई-दोरा द्यायचा आणि हात गुंतले, की सिस्टरांनी बोलायचं, असं आमचं चाललं. नकाशाच्या स्टँडवर चादर टाकून आडोसा केला होता, तिथं एकेकीचा रक्तदाब बघायचा, वजन करायचं, गोळ्या द्यायच्या. ताकाला जाऊन भांडं लपवायचा हा प्रकार मला मनातून पटत नव्हता, पण ताक मिळत होतं हेही खरं.

आणि आता आनसाबाई समोर उभ्या होत्या, आणि मी गप्प बसायला हवं होतं.

"ही सगळी अंधश्रद्धा आहे, आनसाबाई," मी म्हणाले. "कापडानं कुणाचं काही वाईट होत नसतं."

त्यांनी झबलं टेबलावर आणखी लांब सरकवलं.

"कापडानं काय हुतं, ते तुमी मला नगा सांगू," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चल गं वैजे."

वैजंता उठली. मुलाणी सिस्टर आडोशातून घाईघाईनं बाहेर आल्या. "मावशी, पाचच मिनिटं थांबा. हिचा रक्तदाब तेवढा बघायचा राहिलाय."

आनसाबाईंनी सिस्टरकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या यंत्राकडे पाहिलं, मग दारावरच्या पाटीकडे.

"शिवनाच्या वर्गात कसला दाब बघताय?"

त्यांनी सुनेचा दंड धरला आणि निघून गेल्या. झबलं टेबलावरच राहिलं.

वर्ग सुटल्यावर सिस्टर माझ्याजवळ येऊन बसल्या. "बाई, तुम्ही आधी तुमच्या जिभेला चार टाके घाला."

"मी काय खोटं बोलले?"

"खरं-खोटं राहू द्या. ती पोर सोळा वर्षांची आहे, पहिलटकरीण आहे, अंगात रक्त सात. गेल्या शनिवारी तिचे पाय सुजलेले होते. मला तिच्यावर डोळा ठेवायचा होता. आता ती घरात कोंडली गेली आणि काही झालं, तर मला कळणार कधी? मयतीला?"

मी त्या रात्री जेवले नाही. आपली चूक आहे हे आतून कळत असलं, की मला भूक लागत नाही आणि रागही कुणावर काढता येत नाही.

पुढचा शनिवार वैजंता आली नाही. त्याच्या पुढचाही गेला. दुसऱ्या दोन सासवांनीही सुना पाठवणं बंद केलं. तिसऱ्या आठवड्यात सिस्टर म्हणाल्या, "चला, जाऊन येऊ. पण तिथं मी बोलेन."

आनसाबाईंचं घर टेकाच्या पलीकडे होतं. मुलगा मेंढरं घेऊन खाली कोकणात उतरला होता, तो उन्हाळ्यातच परत यायचा. घरात या दोघी आणि आनसाबाईंचा एक दीर. आनसाबाई ओट्यावर चातीवर लोकर कातत बसल्या होत्या. या म्हणाल्या नाहीत, पण सुनेला हाक मारून तांब्याभर पाणी द्यायला लावलं. दारात आलेल्याला तहानलेलं ठेवायची त्या घरची रीत नव्हती. वैजंता पाणी घेऊन आली. मला वाटलं, बरी दिसतेय. गालावर जरा भरलीय.

सिस्टर बोलू लागल्या आणि आनसाबाईंची चाती फिरत राहिली. ऐकू येतंय की नाही, तेही कळेना. सगळं पालथ्या घड्यावर पाणी चाललं होतं. शेवटी मला राहवलं नाही. मी पिशवीतून ते झबलं काढलं, आणि सिस्टरांच्या तोंडचं पाणीच पळालं.

मी कातरीचं टोक गळ्याच्या पट्टीखाली घातलं आणि पहिला टाका तोडला.

उसवायला शिवण्याहून जास्त वेळ लागतो. ओढून चालत नाही, कापड फाटतं. एक टाका तोडायचा, दोरा अलगद काढायचा, मग पुढचा. गळा सुटला. खांदे सुटले. मी दोन्ही कडा सोडवल्या, बंद वेगळे केले. चाती कधी थांबली मला कळलं नाही. मग मी सगळे तुकडे ओट्यावर मांडले. पुढचा भाग, मागचा भाग, पट्टी, बंद. दोऱ्यांची गुंडाळी त्यांच्याशेजारी ठेवली.

"आता हे झबलं नाही," मी म्हणाले. "नुसतं कापड आहे. चुकलं माझं. यापुढं वर्गात फक्त बेतायचं आणि कच्चा टाका घालून शिकायचं, तोही तिथंच काढून टाकायचा. पक्की शिवण बाळ हातात आल्यावर, त्याच्या अंगाच्या मापानं."

'चुकलं माझं' हे दोन शब्द मी त्याआधी मोठ्या माणसापुढे कधी उच्चारल्याचं मला आठवत नाही.

आनसाबाईंनी पुढचा तुकडा उचलला आणि उन्हात धरला. "टाक्याची भोकं दिसत्यात."

"धुतल्यावर बुजतात."

त्यांनी भोकांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "म्या येनार तुमच्या वर्गात. दर शनवारी. तुमी पोरीस्नी काय काय शिकवताय, ते माज्या डोळ्यानं बघनार. पटलं न्हाय तर तितनंच हिला उठवनार."

"या की मावशी," सिस्टर म्हणाल्या. "आम्हालाही कुणीतरी टोकणारं पाहिजेच आहे."

परत येताना टेक उतरेपर्यंत सिस्टर झपाझप पुढं चालत होत्या. खाली आल्यावर मात्र माझ्या पाठीत एक धपका घातला. "कातरी बाहेर काढलीत तेव्हा माझा जीव जायची वेळ आली होती!"

अशा रीतीनं आनसाबाई सुनेला घेऊन आमच्या वर्गात आल्या. दाराजवळ पोतं अंथरून, एक पाय लांब करून बसायच्या आणि लोकर कातता कातता दर वाक्याला हरकत घ्यायच्या. पालेभाजीनं पोट बिघडतं. जास्त खाल्लं तर मूल मोठं होतं आणि अडतं. गोळ्यांनी पोर काळं निपजतं. सिस्टर प्रत्येक वेळी सबुरीनं उत्तर द्यायच्या, मला मात्र सुई टोचून घेतल्यासारखं व्हायचं. तरी मी तोंड उघडत नव्हते. आनसाबाई येतात म्हटल्यावर बाकीच्या दोन सासवांनीही सुना पुन्हा धाडल्या होत्या.

एकदा पहिल्या दुधाचा विषय निघाला. बाळ जन्मल्याबरोबर आईचं ते पिवळं, घट्ट दूध पाजा, पिळून टाकू नका, असं सिस्टर सांगत होत्या.

"ते जड असतं," आनसाबाई दारातून म्हणाल्या. "इकारी. तीन दीस पिळून टाकायचं, तवर साकरंचं पानी."

"मावशी, तुमची शेळी व्याली की तिचा पहिला चीक कुणाला पाजता?"

"कुनाला म्हंजी? करडाला. चीक पोटात गेला न्हाय तर करडू हुबं तरी ऱ्हाईल का?"

"मग?"

चाती थांबली. पोरी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आनसाबाईंनी आधी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं, आणि मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. "आगं बया! म्हंजी करडाची अक्कल हाय आमाला, आन लेकराची न्हाय. ऐका गं भवान्यांनो, ध्येनात ठिवा, काय दात काढताय!"

त्या दिवसापासून हरकती कमी झाल्या आणि प्रश्न वाढले. एक गोष्ट आम्ही ठरवून केली नव्हती, पण फार कामाची ठरली. शिवायचं बाळ आल्यावर, असा नियम झाल्यामुळे बाळंत झालेल्या पोरी विसाव्या-पंचविसाव्या दिवशी पोर काखोटीला मारून वर्गात यायला लागल्या. नाहीतर बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडायची नाही. पण पोराला अंगात घालायला काही नको का, म्हणून सासवाच आणून सोडायच्या. झबलं शिवून होईपर्यंत सिस्टर आईलाही तपासायच्या आणि बाळालाही.

मग तो शनिवार आला. वैजंताला आठवा चालला होता. सिस्टरांनी तिचं लुगडं घोट्याच्या वर घेतलं आणि नडगीवर अंगठा दाबून काढला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"पायावर थोडी सूज पुष्कळ जणींना येते," सिस्टर सगळ्यांना दाखवत म्हणाल्या. "हिचा दाब आज ठीक आहे. पण नीट ऐका. सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं दिसलं, हातातली बांगडी घट्ट व्हायला लागली, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले, तर वाट बघायची नाही. त्या पावली दवाखाना."

"तोंड सुजतं?" आनसाबाईंनी विचारलं.

"हो. लोकांना वाटतं, पोर अंगानं भरली, चांगलं बाळसं धरलं."

"आन मग?"

"मग फेफऱ्यासारखे झटके येतात. दातखीळ बसते. घरचे म्हणतात, बाहेरचं काहीतरी लागलं."

आनसाबाईंनी चाती खाली ठेवली. मग, "आन तसं असलं तर बाई जगती का?"

"झटके यायच्या आधी नेली तर जगते, मावशी. औषध आहे त्याला."

आनसाबाईंनी लोकर गोळा केली, पोतं झटकलं आणि सुनेला न घेताच वर्गातून निघून गेल्या. मी खिडकीतून बघितलं. मैदान ओलांडून त्या भरभर चालल्या होत्या, एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

"आता कशाचा राग आला?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक," सिस्टर म्हणाल्या.

पाचव्या दिवशी, गुरुवारी, मी आठवीच्या वर्गावर होते. तिसरा तास चालू होता. दारात आनसाबाई उभ्या, वैजंताला खांद्याशी धरलेली.

"बाई, हिचं त्वांड बघा."

मी बघितलं. डोळे बारीक झाले होते, ओठ जाड झाले होते. वैजंता एका हातानं कपाळ दाबून उभी होती.

"सकाळधरनं डोस्कं उठलंय. मघाशी म्हनली, आत्या, समोर काजवं दिसत्यात. दीर म्हनत हुता, देवर्षाला दावू. म्या म्हनलं, तू जाऊन तुजी मेंढरं दाव त्येला. उपकेंद्राला कुलूप हाय. सिस्टर कुटं हायत?"

सिस्टर चौथीच्या मुलांना लस टोचायला जिल्हा परिषदेच्या शाळेत गेल्या होत्या. घार्गे सर स्वतः सायकलवरून त्यांना घेऊन आले. रक्तदाब एकशे सत्तर. सिस्टरांनी परीक्षानळीत लघवी तापवली, ती दह्यासारखी घट्ट झाली, दुखणं वाढल्याची ती खूण. त्यांनी नळी माझ्या हातात दिली आणि सरांना आत्ताच्या आत्ता गाडी बघायला सांगितलं. सिस्टरांना इतकं घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

सरांनी डेअरीचा टेम्पो मिळवला. कॅनची जागा रिकामी करून खाली गादी टाकली. जिल्ह्याचा दवाखाना दोन तासांवर. वैजंताला डाव्या कुशीवर निजवलं होतं आणि तिचं डोकं आनसाबाईंच्या मांडीवर होतं. दर खड्ड्याला आनसाबाई ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या आणि लगेच म्हणायच्या, "जोरात हाण की रं!"

अर्ध्या वाटेत वैजंतानं डोळे उघडले. "बाई, माजं नाव पटावर हाय न्हवं?"

"आहे गं."

"सरास्नी म्हनावं, काढू नगा."

मी तोंड बाहेर वळवलं. रस्त्याकडेची बाभळ मला दिसत होती आणि दिसतही नव्हती. ही पोर मेली तर ती माझ्या जिभेनं मेली, एवढंच मला कळत होतं. ते तीन शनिवार गेले नसते तर ही सूज आधी दिसली असती का? आजही मला ते माहीत नाही.

तीन वाजता आम्ही पोचलो. डॉक्टरीणबाईंनी तिला बघितलं मात्र, लगेच इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, "झटका यायच्या आत आणलंत. बाळ आत्ताच काढावं लागेल." आनसाबाईंनी कागदावर अंगठा उठवला आणि दरवाजा बंद झाला.

व्हरांड्यात आम्ही तिघी बसलो. सिस्टर डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. आनसाबाई भिंतीला टेकल्या होत्या, हात मांडीवर उघडे. त्यांच्या हाताला काम नाही असं मी कधी बघितलं नव्हतं.

"माजी एक लेक हुती," त्या समोर बघत म्हणाल्या. "शेवंती. पांगरवाडीला दिलेली. पयली खेप माज्या घरी आली. मला लई हौस, बाई. मला शिवता येत न्हाय चांगलं, तरी म्या सात झबली शिवली. सात दिसाची सात. शेजारीन म्हनली, आनसे, आदी शिवू नगं. म्या म्हनलं, काय हुतंय?"

सिस्टरांनी डोळे उघडले.

"आठव्यात तिचं त्वांड भरलं. आमी म्हनलं, म्हायेरचं पानी मानवलं पोरीला. म्या मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. डोस्कं दुखतंय म्हनली, सुंठ लावली. दुसऱ्या दिशी दातखीळ बसली. पोटातलंबी गेलं आन तीबी गेली. तेरा वर्सं झाली."

"मावशी," सिस्टर म्हणाल्या.

"तिची सासू आली मयताला. ती सात झबली दिसली तिला. सगळ्या गावाम्होरं म्हनली, आईनंच खाल्ली लेक. म्या कायबी बोलले न्हाय. खरंच हुतं ते, असं वाटायचं मला. तवापासनं पांगरवाडीची वाट सोडली." त्या माझ्याकडे वळल्या. मी इतकी वर्षं बाया बघितल्या, पण त्यांच्यासारखं कुणी माझ्याकडे बघितलं नाही. "बाई, तुमी खरं सांगा. सिस्टर म्हनल्या ते सगळं तसंच हुतं माज्या शेवंतीला. त्वांड, डोस्कं, समदं. म्हंजी ती त्या दुखन्यानं गेली? झबल्यानं न्हाय?"

दोन महिन्यांपूर्वी मी त्यांना 'कापडानं काही होत नसतं' हेच सांगितलं होतं. पण तेव्हा मी वादात जिंकायला बोलले होते, आणि त्यांच्या हातात ते कापड नव्हतंच, त्यांची मेलेली लेक होती.

"झबल्यानं नाही, मावशी," मी म्हणाले. "त्या दुखण्यानं गेली. तुमचा काही दोष नव्हता."

त्यांनी पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका बाहेर पडलाच. तेरा वर्षांचं रडू होतं ते, आवरणार कसं? सिस्टरांनी त्यांना कुशीत घेतलं. मी त्यांचा हात धरून बसले.

साडेपाचला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मुलगी. वजन पावणेदोन किलो. काचेच्या पेटीत ठेवलीय, पण चांगली रडतेय. आई ठीक आहे.

आनसाबाईंनी नाक पुसलं. "ते पयलं दूध पाजलं का?" त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "का अजून नुसत्याच बसलाय?"

वैजंता तीन आठवडे दवाखान्यात होती. पुढच्या वर्षी ती दहावीला बसली आणि बावन्न टक्क्यांनी पास झाली. ती परीक्षेला बसलेली असताना आनसाबाई केंद्राबाहेर नात घेऊन उभ्या राहायच्या आणि पोर रडली, की पहारेकरी हवालदाराशी भांडायच्या. पण ते सगळं नंतरचं.

वैजंता घरी आली त्या आठवड्यात, शनिवारी, आनसाबाई वर्गात आल्या नाहीत. बाळंतिणीपाशी असतील, असं आम्ही धरून चाललो. चार वाजायला आले होते. पोरी कापडाच्या घड्या करायला लागल्या होत्या, तेवढ्यात मैदानातून आनसाबाई येताना दिसल्या. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती. बरोबर हिरव्या लुगड्यातली एक पोर होती, सतराची असेल, पोट नुकतंच दिसू लागलेलं.

"हिचं नाव लिवा," त्या म्हणाल्या. "पांगरवाडीची हाय. शेवंतीच्या धाकल्या दिराची बायकू."

पांगरवाडी तिथून सहा मैल. "तुम्ही तिकडं गेला होतात?"

"सकाळीच गेले. चालत. त्यांच्या ओट्यावर बसून समदं सांगितलं. त्वांड, डोस्कं, काजवं. कुनाला कायबी न लपवता." त्यांनी पोरीला पुढे ढकललं. "बस गं. पाय लांब कर, ह्या सिस्टर बघत्याल."

तेव्हा माझं फाटकाकडे लक्ष गेलं. तिथं एक म्हातारी उभी होती, पदर कपाळापर्यंत ओढलेला. आत येत नव्हती आणि जातही नव्हती.

"त्या कोण?"

"हिची सासू," आनसाबाई म्हणाल्या. "शेवंतीची बी तीच. माज्या म्हागनं सहा मैल चालत आली, एक सबूद बोलली न्हाय. आत यायला लाजतीया."

त्या पुन्हा मैदानात उतरल्या, फाटकापाशी गेल्या आणि त्या म्हातारीचा हात धरला. ती हात सोडवून घ्यायला बघत होती. आनसाबाईंचा आवाज पहिल्यापासूनच खणखणीत, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"चल, विहीनबाई. आपल्याला कुनी सांगितलंच नव्हतं. तुलाबी न्हाय, मलाबी न्हाय."